निवृत्तीनंतर वेबसाइट बनवून चार पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २०१८ मध्ये एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. चिपळूणला राहतो. गेली सहा वर्षं आसपासच्या होमस्टेवाल्यांच्या, आंबा बागायतदारांच्या, दवाखान्यांच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइट बनवतो. नाक्यावर, लग्नात, बँकेच्या रांगेत कुणी निवृत्त माणूस भेटला की ठरलेले पंधरा-वीस प्रश्न येतात. तेच ते प्रश्न ऐकायची मला नोकरीपासून सवय आहे. पण हल्ली बोलून दम लागतो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

खरंच पैसे मिळतात का? किती?

मिळतात, पण आकडा ऐकून काही जण चहा अर्धा टाकून उठतात. पहिल्या वर्षी तीन कामांचे मिळून मला साडेअकरा हजार मिळाले आणि जुना लॅपटॉप घेतला होता चौदा हजारांना. म्हणजे अडीच हजारांनी खड्ड्यात. गेल्या वर्षी आठ नव्या वेबसाइट केल्या, सव्वीस जुन्यांची देखभाल केली आणि खर्च वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास उरले. महिन्याला धरा दहा हजार. ज्यांना बँकेची किंवा सरकारी पेन्शन आहे त्यांना हे किरकोळ वाटेल. आम्ही ईपीएस-९५ वाले, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतले. २०१४ मध्ये तिची किमान रक्कम १,००० रुपये ठरली, यावरून काय ते समजा.

महिन्याला लाख मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तो वेबसाइट विकत नाहीये, क्लास विकतोय.

साठी उलटली. इंग्रजी कच्चं. जमेल का?

नोकरीत असताना एमएस-सीआयटी केली होतीत ना? बढतीसाठी, पगारवाढीसाठी, साहेबांनी सांगितलं म्हणून, कशीही. फाइल बनवणं, ती कुठे ठेवली ते आठवणं, कॉपी-पेस्ट, एवढं येत असेल तर सुरुवात झालीच आहे. इंग्रजीचे लागतात ते शंभरेक शब्द, आणि तेही तेच ते : मेनू, पेज, पोस्ट, हेडर, फूटर, पब्लिश. ज्यावर वेबसाइट बनवायची त्या वर्डप्रेसचा कारभार मराठीतही करून घेता येतो. पण मी इंग्रजीच ठेवतो, कारण अडलं की शोधायचं इंग्रजीत असतं आणि शब्द जुळावे लागतात.

वयाचा खरा अडथळा वेगळाच आहे. चुकलं की आपल्याला लाज वाटते. नातवाला वाटत नाही. तो बटण दाबून बघतो. आपण आधी विचारतो, "हे दाबलं तर काही होणार नाही ना?" सरावासाठी एक फुकट वेबसाइट उघडा आणि ती मुद्दाम बिघडवा. मी माझी चार वेळा बिघडवली.

कोडिंग शिकावं लागतं का?

थोडं. वर्डप्रेस हे २००३ पासून चालत आलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. जगातल्या दर दहापैकी चार वेबसाइट त्यावर चालतात आणि एकही ओळ कोड न लिहिता त्यात साइट उभी राहते. तरी एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याची सजावट) महिनाभर शिकाच. गाडी चालवणाऱ्याला इंजिन उघडता नाही आलं तरी चालतं, पण बॉनेट कुठून उघडतं ते ठाऊक पाहिजे. एखादा मथळा फोनवर अर्धाच दिसतो, बटण बाजूला सरकतं, तेव्हा ज्याला सीएसएसच्या दोन ओळी येतात तो दहा मिनिटांत मोकळा होतो. ज्याला येत नाहीत तो नवं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा आयता तुकडा, टाकतो, मग त्या प्लगइनचा घोळ निस्तरायला आणखी एक.

शिकायचं कुठे? क्लासला किती पैसे घालावेत?

शून्य. निदान पहिले सहा महिने तरी शून्य. फ्रीकोडकॅम्प या वेबसाइटवर एचटीएमएल-सीएसएसचे धडे फुकट आहेत आणि ते तुमच्याकडून लिहून घेतात, नुसतं दाखवत नाहीत. वर्डप्रेसचं स्वतःचं शिकवणीचं दालन आहे, तेही फुकट. यूट्यूबवर मराठीत आणि हिंदीत ढीगभर आहे, पण व्हिडिओ बघणं म्हणजे शिकणं नव्हे. मी दोन महिने नुसते बघत होतो. सगळं समजत होतं आणि काही येत नव्हतं.

रोज दोन तास, सकाळी, हातात वही. वही सोडू नका. माझ्या पहिल्या वहीत "फोटो बदलायचा असेल तर" याच्याखाली अकरा पायऱ्या लिहिल्या आहेत. आता हसू येतं, पण त्या अकरा पायऱ्यांनी मला वर्षभर तारलं.

सामान काय लागतं?

लॅपटॉप, जुना चालेल, पण आठ जीबी रॅम असू द्या. ब्रॉडबँड. साधा माऊस, कारण लॅपटॉपच्या पट्टीवर बोट फिरवून मनगट धरतं. आणि स्वस्तातला एक अँड्रॉइड फोन, कारण तुमची वेबसाइट बघणारे बहुतेक जण तसल्याच फोनवर बघणार आहेत. वेबसाइट झाली की तो फोन घेऊन रेंज कमी असलेल्या जागी उभे राहा आणि पान उघडायला किती वेळ लागतो ते मोजा. आमच्याकडे अशा जागा शोधाव्या लागत नाहीत.

पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

ऑनलाइन नोकऱ्या वाटणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. तिथे अख्ख्या जगातली तरुण पोरं निम्म्या भावात काम मागत बसलेली असतात. आपलं भांडवल म्हणजे ओळखी. ज्यांच्याकडून तीस वर्षं किराणा भरला, ज्यांच्या मुलाला पहिल्या गाडीत जागा मिळवून दिली, ते लोक आपलं ऐकून घेतात. काम देतीलच असं नाही, पण खुर्ची देतात.

माझं पहिलं काम गुहागरच्या बाजूला समुद्राजवळच्या एका गावातल्या काकूंचं. दोन खोल्या, घरगुती जेवण. आधी कुणीतरी त्यांना गूगलच्या व्यवसाय नोंदणीतून मिळणारी फुकटची एकपानी वेबसाइट करून दिली होती. ती सोय गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा त्यांचं पान गेलं. पण मी त्यांचं काम त्याच्या आधीच केलं होतं, त्यामुळे त्यांचं अडलं नाही. त्या मार्चमध्ये मात्र मला तशीच आणखी तीन कामं आली. "भाऊ, आमचं पान हरवलं" असे फोन यायचे.

वेबसाइटवर लिहायचं काय?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, आणि खरं काम तर इथेच आहे.

आगारात भिंतीवर वेळापत्रकाचा मोठा फलक असायचा. रंगवलेला, नीट, वर्षातून दोनदा दुरुस्त केलेला. त्याच्या बरोबर खाली चौकशीची खिडकी. माणूस फलकासमोर मिनिटभर उभा राहायचा आणि मग खिडकीत येऊन विचारायचा, "गुहागर किती वाजता?" पहिल्यांदा राग यायचा. नंतर लक्षात आलं, फलक कार्यालयाच्या सोयीने लिहिलेला होता : मार्ग क्रमांक, सुटण्याचं ठिकाण, मार्गे, सेवेचा प्रकार. माणसाला एवढंच हवं असतं की आता जी गाडी आहे ती माझ्या गावात थांबते का आणि शेवटची कितीला.

बहुतेक वेबसाइट त्या फलकासारख्या असतात. "आमच्याविषयी", "आमचे ध्येय", "आमची परंपरा". वेबसाइट चौकशीच्या खिडकीसारखी पाहिजे. म्हणून नवं काम घेतलं की मी लॅपटॉप उघडत नाही. दुकानात किंवा घरी जाऊन दोन तास बसतो आणि येणारे फोन ऐकतो. कोण काय विचारतं ते वहीत उतरवतो, त्याच्याच शब्दांत.

काकूंकडे त्या दोन तासांत सात फोन आले. पाच जणांनी विचारलं, "समुद्र दिसतो का?" काकू प्रत्येक वेळी जरा थांबून म्हणायच्या, "अगदी जवळ आहे हो." पाचव्या फोननंतर मी विचारलं, "काकू, दिसतो का खरा?"

"नाही हो भाऊ. मध्ये पोफळीची बाग आहे ना. रात्री निजलं की आवाज येतो तेवढा."

वेबसाइटवर पहिल्याच परिच्छेदात आम्ही तेच लिहिलं : समुद्र घरातून दिसत नाही. वाटेत पोफळीची बाग आहे. चालत सात मिनिटं. रात्री लाटांचा आवाज येतो. काकूंचा मुलगा माझ्यावर नाराज झाला, म्हणाला, असं लिहून कोण येईल? पण समुद्र दिसत नाही म्हणून आल्यावर तोंड वाकडं करणारी गिऱ्हाइकं बंद झाली, आणि "तो लाटांचा आवाज येतो ती खोली" असं म्हणून फोन येऊ लागले. त्याच्याखाली बाकीची उत्तरं : गाडी दारापर्यंत येते का (येते, पण मोठी बस नाही), मासे नसतील त्या दिवशी काय, चिपळूणहून शेवटची गाडी कितीची, जोडपं आलं तर ओळखपत्र लागतं का, सोलकढी जेवणात धरलेली आहे की वेगळी. या प्रश्नांवर तरुण पोरं वेळ घालवत नाहीत. त्यांना रंग आणि हलणारी चित्रं आवडतात. आपण चाळीस वर्षं लोकांच्या समोर बसून घालवली आहेत. शाळेतले मास्तर, बँकेतला रोखपाल, तलाठी, परिचारिका, कुणीही असा, तुमच्या टेबलापुढे येणारी माणसं काय विचारायची ते तुम्हाला पाठ आहे. तेच इथे कामाला येतं.

फोटो कोण काढतं?

गिऱ्हाईक फोनवर काढतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवतं. तसे पाठवले की फोटोचा दर्जा घसरतो, म्हणून "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. मग येतो चार-पाच एमबीचा धोंडा. तसाच चढवलात तर पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या होमस्टेला फोन लावून मोकळा. दीडशे-दोनशे केबीपर्यंत खाली आणा, फुकटची साधनं आहेत. संडासाचा फोटो जरूर टाका. हसू नका. बायका आधी तोच बघतात, आणि स्वच्छ असेल तर खोली जाते.

मराठीत करावी की इंग्रजीत?

गिऱ्हाईक कोण त्यावर. पुण्या-मुंबईचा कुटुंबवत्सल पर्यटक असेल तर मराठी आधी, खाली इंग्रजी. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणाऱ्यांत अमराठी पुष्कळ, तिथे दोन्ही समान.

मराठीत करायची तर एक खाचखळगा सांगतो. मजकूर बहुधा गावातल्या डीटीपीवाल्याकडून येतो आणि तो जुन्या फाँटमध्ये असतो, श्रीलिपी किंवा तसल्या. वेबसाइटवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो. बदलणारी साधनं मिळतात, पण रफार आणि ऱ्ह, ऱ्य डोळ्यांत तेल घालून तपासा. एका साइटवर माझ्याकडून "सह्याद्रीच्या दर्या" असं गेलं. दऱ्यांचा दर्या झाला आणि सह्याद्री समुद्रात बुडाला. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मग एका निवृत्त मुख्याध्यापिकेने फोन करून मला पंधरा मिनिटं शिकवलं.

फाँट मुक्ता घ्या, मुंबईच्या एक टाइप मंडळींचा आहे, फुकट आहे आणि फोनवर स्वच्छ वाचता येतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर तुमचं पान हिंदी समजून भलतंच भाषांतर दाखवतो.

२०१४ पासून .भारत असा शेवट असलेला पत्ता देवनागरीतही घेता येतो. छान दिसतो. पण फोनवर पत्ता सांगताना समोरचा इंग्रजीतच टाइप करायला घेतो, म्हणून मी डॉट इन मुख्य ठेवतो.

डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर घ्यायचं?

गिऱ्हाइकाच्या. त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डाने किंवा यूपीआयने, तुम्ही शेजारी बसून. यात तडजोड नाही.

डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे जागा. डोमेनला वर्षाला साधारण सातशे ते दीड हजार, साध्या होस्टिंगला अडीच ते पाच हजार. पहिल्या वर्षीचा "फक्त ९९ रुपये" हा आकडा बघून भुलू नका. नूतनीकरणाचा दर काय ते आधी वाचा आणि गिऱ्हाइकाला तोच सांगा. ब्राउझरने साइट सुरक्षित मानावी यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कारण विचारा.

माझ्याकडे आलेल्या एका डॉक्टरांचं डोमेन आधीच्या वेबसाइटवाल्याच्या नावावर होतं. तो शहर सोडून गेला, फोन बंद, मुदत संपली आणि पत्ता गेला. अकरा वर्षांच्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदांवर छापलेला पत्ता. आता तिथे कसली तरी परदेशी जाहिरात दिसते.

किती पैसे घ्यावेत?

फुकट करू नका, मेव्हण्याचंही नाही. फुकटच्या कामात दुरुस्त्या संपत नाहीत. मी पहिलं काम साडेतीन हजारांना केलं. आता पाच-सहा पानांच्या साइटचे बारा हजार घेतो, देखभालीचे वर्षाला अडीच हजार, डोमेन-होस्टिंग त्यांचं ते भरतात. पुण्यातली मंडळी याच्या तिप्पट घेतात, पण ती खोलीत बसून पोफळीची बाग मोजत नाहीत.

निम्मे आधी, निम्मे साइट सुरू करताना. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या, पुढच्या फेरीला पाचशे. हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या. ओळखीत सही मागायला अवघड वाटतं. मी म्हणतो, "माझ्या विसरण्यासाठी लिहून ठेवू या." वयाचा एवढा फायदा तरी घ्यावा.

पैसे बुडतात का?

दोनदा बुडाले. दोन्ही वेळा आगाऊ घेतले नव्हते, आणि दोन्ही वेळा माणूस नात्यातला.

दुकानदार म्हणतात, इन्स्टाग्राम आहे, गूगल मॅपवर आहोत, वेबसाइट कशाला?

काही जणांचं बरोबर असतं. वडापावच्या गाडीला वेबसाइट लागत नाही. तिला मॅपवर योग्य वेळ, योग्य फोन नंबर आणि चार बरे फोटो लागतात. ते काम मी पाचशे रुपयांत करून देतो आणि वेबसाइट विकत नाही. तोच माणूस पुढे भावाला माझ्याकडे पाठवतो.

पण जिथे माणूस येण्याआधी चार गोष्टी विचारतो, मुक्काम, लग्नाचं कार्यालय, शस्त्रक्रिया, आंब्याची पेटी, तिथे स्वतःची जागा हवी. बाकी सगळं भाड्याचं घर. मालकाने उठ म्हटलं की उठायचं.

आंब्याची ऑनलाइन विक्री करून देता येते का?

येते, पण पहिलं वर्षभर तो उद्योग घेऊ नका. आंब्याचा दर रोज हलतो. मार्चअखेरची पेटी आणि मेच्या मध्याची पेटी यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे मी पानावर "आजचा दर" अशी एकच जागा ठेवतो, बागायतदार ती स्वतः फोनवरून बदलतो, आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर जाते. पैसे यूपीआयने. कार्ट, कूपन, कुरिअरचा हिशेब हे सगळं घातलं की तुम्ही वेबसाइटवाले राहत नाही, त्यांचे मुनीम होता.

कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते चिन्ह साइटवर टाकण्याआधी बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का ते विचारा. नसेल तर टाकू नका, तो कितीही म्हणाला तरी.

आणि एक : हंगामात अपडेट करायचं नाही. एका एप्रिलमध्ये मी सकाळी सकाळी सगळी प्लगइन अद्ययावत केली आणि साइट पांढरीफटक. अक्षयतृतीया दोन दिवसांवर. तीन तास घाम गाळून पूर्वपदावर आणली. बागायतदार रागावला नाही. नुसता दर दहा मिनिटांनी फोन करून "झालं का हो?" विचारत होता, ते जास्त वाईट.

बॅकअप म्हणजे नक्की काय करायचं?

साइटची पूर्ण प्रत आठवड्यातून एकदा आपोआप निघेल असं लावा आणि ती दुसरीकडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझ्या एका हार्डवेअरवाल्याचा संगणक, बिलबुकं, दरपत्रकं सगळं गेलं. त्याच्या मालाची एकमेव यादी उरली ती वेबसाइटवर. तीवरून त्याने विम्याची कागदपत्रं भरायला घेतली. माझी हार्ड डिस्क त्या दिवसापासून बहिणीकडे दुसऱ्या मजल्यावर असते.

हे सगळं आता एआय करतं ना?

बरंच करतं. मीही वापरतो. अडलेला सीएसएस विचारतो, इंग्रजी मजकूर नीट करून घेतो. मी सहा महिन्यांत शिकलो ते तुम्ही कदाचित तीन महिन्यांत शिकाल. पण काकूंच्या होमस्टेचा मजकूर गंमत म्हणून त्याच्याकडून लिहून घेतला, तर त्याने "प्रत्येक खोलीतून अथांग सागराचे मनोहारी दर्शन" लिहून दिलं. त्याला पोफळीची बाग कुणी सांगितलीच नव्हती.

स्वतःची वेबसाइट काढून जाहिरातींवर कमाई?

साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्समध्ये मराठी साइट चालते. दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला ते टपालाने पिन पाठवतात, शंभर डॉलर झाल्यावर पैसे बँकेत. मी कोकणातल्या एसटी मार्गांच्या आठवणी लिहितो. पोस्टमन पिनचं पाकीट घेऊन आला, त्याला दोन वर्षं होतील. शंभर डॉलर अजून व्हायचे आहेत. हौस म्हणून करा.

फसवणूक कशी ओळखायची?

काम देण्याआधी पैसे मागणारा फसवा. नोंदणी फी, अनामत, सॉफ्टवेअरची किंमत, नाव काहीही असो. दुसरा प्रकार : "लष्करात आहे, साइट हवी आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमचेच जाणार. तरी झालंच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

कर भरावा लागतो का? पेन्शन बंद होईल का?

ईपीएसची पेन्शन अशा कमाईने बंद होत नाही. वरच्या श्रेणीतल्या सरकारी अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर सुरुवातीचा काही काळ खासगी व्यवसायाला परवानगी लागू शकते, त्यांनी आपले नियम बघावेत. जीएसटीची नोंदणी सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की. आपण तिथे पोहोचत नाही.

प्राप्तिकराचं मात्र लक्षात ठेवा. साठीच्या वरच्या, फक्त पेन्शन आणि व्याजावर असलेल्या माणसाला आगाऊ कराची सूट असते. धंद्याचं उत्पन्न सुरू झालं की ती जाते. वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. "सहज" नावाचं सोपं विवरणपत्रही मग चालत नाही. एकदा सीएकडे जाऊन बसा. मी माझ्या सीएची वेबसाइट केली, फी त्यात वळती झाली.

डोळे आणि पाठ?

दुहेरी नंबरचा चष्मा घालून पडद्याकडे बघताना मान वर करावी लागते आणि महिन्याभरात ती धरते. संगणकाच्या अंतराचा एकेरी चष्मा वेगळा करून घ्या. अक्षरं मोठी करा. तासाला उठा.

मला काही झालं तर गिऱ्हाइकांचं काय?

हा प्रश्न मला एकदाच कुणीतरी विचारला, तो निवृत्त पोस्टमास्तर होता. डोमेन त्यांच्या नावावर असल्यामुळे कुणाचं काही अडत नाही, हे पहिलं. दुसरं, माझी एक लाल वही आहे. प्रत्येक साइटला एक पान : पत्ता, कुठून घेतला, मुदत कधी संपते, फोन नंबर. पासवर्ड तिच्यात नाहीत, ते वेगळ्या पाकिटात. वही देव्हाऱ्याखालच्या खणात असते आणि सुनेला ठाऊक आहे. मागच्या पावसाळ्यात मी आठ दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा एका डोमेनची मुदत संपत आली आणि मालक दुबईला, फोन लागेना. तिने वही उघडली, पान काढलं आणि आपल्या खात्यातून ७४९ रुपये भरून टाकले. मालकाकडून ते पैसे मी कधीच वसूल केले. तिला द्यायचे अजून राहिलेत.